विजूमावशीच्या दाताची गॅरंटी

करोल बागेत दागिन्यांच्या प्रत्येक दुकानात एक तरी सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं असतं. सोन्याचं, हिऱ्याचं, शेठच्या इमानदारीचं. फ्रेम सगळ्यांच्या चांगल्या असतात. विजूमावशीकडे टांगायला काही नव्हतं. तिच्याकडे एक दात होता. वरचा, समोरचा, जरा पुढे आलेला.

मोती हातात आला की मावशी तो त्या दातावर हलकेच घासायची. खरा मोती बारीक रेतीसारखा खरखरतो, काचेचा नाहीतर प्लास्टिकचा गुळगुळीत सरकतो. एवढीच परीक्षा. पण द्वारकेपासून नोएडापर्यंत जेवढ्या मराठी बायका नथ, तन्मणी, चिंचपेटी घालतात, त्या सगळ्या विचारायच्या, "मावशींनी दाताला लावलाय ना?" लावलाय म्हटलं की विषय संपला. महागाचं मशीन घेऊन बसलेल्या लॅबवाल्याला एवढी इज्जत मिळत नसेल.

तिचं पूर्ण नाव विजयालक्ष्मी. लग्न करून दिल्लीत आली तेव्हा भाऊसाहेब, म्हणजे तिचे यजमान, केंद्र सरकारच्या एका खात्यात फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवत होते. पस्तीस वर्षं सरकवल्या. तेवढ्यात देश किती पुढे गेला ते भाऊसाहेबच सांगू शकतील. सांगतातही, रोज, चहाबरोबर. इकडे मावशी सरकारी क्वार्टरमध्ये बसून कंटाळली आणि करोल बागेत एका मोती ओवणाऱ्या कारागिराच्या दारात जाऊन बसायला लागली. तो म्हणायचा, "बहनजी, ये आपका काम नहीं." ही म्हणायची, "बैठने दो." तीन महिने नुसती बघत बसली. चौथ्या महिन्यात त्याचा खांदा आखडला आणि हिच्या हातात सुई आली, ती आजपर्यंत आहे. भाऊसाहेब रिटायर झाले तेव्हा त्यांच्या बरोबरच्यांनी पुण्यात फ्लॅट घेतले. मावशीने करोल बागेतल्याच बीडनपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, कारण खाली उतरलं की मोती. लिफ्ट नाही, ऊन नाही. भाऊसाहेब याबद्दल अजून लेखी निषेध नोंदवायच्या तयारीत आहेत.

त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आमचं दुकान. माझे बाबा, गुलाबराव, गलाईवाले. म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकायचं, शुद्ध करून परत द्यायचं. सांगलीकडची आमची माणसं देशभर हेच करतात. धूर आमचा, चमक दुसऱ्यांची. मी केतकी. नववीत शाळा सोडली. त्यावर अख्ख्या गल्लीने मला भाषण दिलं. ज्यांची स्वतःची पोरं ग्रॅज्युएट होऊन दुकानाच्या पायरीवर रील बघत बसतात, त्यांनीसुद्धा. मावशीने भाषण नाही दिलं. म्हणाली, "डोळे चांगले आहेत तुझे. हा दोरा घाल बघू सुईत." बस्स. तेव्हापासून मावशीला कोणी वाकडं बोललेलं मी ऐकून घेत नाही. माझ्याकडे स्कूटी आहे आणि तोंड आहे. दोन्ही चालू असतात.

आता तिचं काम कसं चालायचं ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. ओवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. एकात सुई, एकात रेशमाचा दोरा, आणि दर मोत्यानंतर एक गाठ. मग पुढचे मोती ठेवायचे कुठे? वाटीत ठेवले तर घरंगळतात आणि भाऊसाहेबांच्या पायाखाली येतात. म्हणून मावशी ते गालात ठेवायची. पाच-सहा मोती डाव्या गालात, आणि लागेल तसा जिभेने एकेक पुढे काढायची. दोऱ्याचं टोकही ओठात धरून ओलं करायची. तीस वर्षांत अर्ध्या करोल बागेचे मोती तिच्या तोंडातून गेले. तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही.

मग राजीवजी भेटले.

राजीवजींचं मोत्यांचं होलसेल. ऑफिसात एसी, काउंटरवर फुकटचे बदाम, आणि प्रत्येक वाक्यात बेटा नाहीतर आंटी. गेल्या दिवाळीच्या आधी मी मावशीला स्कूटीवरून तिथे घेऊन गेले. ट्रे उघडला तर मला आधी बडीशेपेच्या रंगीत गोळ्याच वाटल्या. ग्रे, मोरपंखी, चॉकलेटी, सोनेरी, एक तर चक्क पिस्त्याच्या रंगाचा.

"इतने रंग सीप देती है?" मी विचारलं.

"बेटा, टेक्नॉलॉजी है," राजीवजी हसले. "ये हीट वाला, ये रेडिएशन वाला, इस पे कोटिंग है, ये वाला अंदर से भरा हुआ है. औरतें पार्लर जाती हैं कि नहीं? मोती भी जाता है."

"और ये ग्रे?" मावशीने विचारलं.

"ये नॅचरल है आंटी. समुंदर से ऐसा ही निकला."

अख्ख्या ट्रेमध्ये पार्लरला न गेलेला एकच माल, आणि नेमका तोच त्या सीझनला सगळ्यात जास्त खपणारा. काय योगायोग.

मावशीने एक उचलला, दातावर घासला. खरखरला. आणखी चार घासले. सगळे खरखरले. "असली हैं," ती म्हणाली. आणि खरंच होते. फसलो ते तिथेच. दात एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, मोती आहे की नाही. त्याला पार्लरमध्ये काय पाजलंय ते दाताला कुठून कळणार?

त्या ग्रे मोत्यांचे मावशीने सात दागिने केले. माळा, कुड्या, एक तन्मणी. शिवाय एक नथ चालू होती, ती मृणालची. मृणाल म्हणजे गुडगावच्या शुभदाताईंची मुलगी, कॉर्पोरेटमध्ये, डिसेंबरात लग्न. तिला ग्रे पैठणीवर ग्रे मोत्यांची नथ हवी होती. ग्रे पैठणी म्हणजे नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या हवेला जरीचा काठ लावल्यासारखी दिसते. पण फोटोत छान येते म्हणे.

नोव्हेंबरातच मावशीने ठेचा खायचा सोडला. मग लोणचं सोडलं. मग वरणसुद्धा गार करून प्यायला लागली. मी विचारलं की म्हणायची, "तोंड आलंय जरा." भाऊसाहेबांनी निदान केलं, "बी व्हिटॅमिन." त्यांच्या मते गुडघ्यापासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळं बी व्हिटॅमिनच्या कमीमुळे बिघडतं. मग तिच्या बोटांची टोकं काळी दिसायला लागली. म्हणाली, "कच्ची केळी चिरली." तीन आठवडे रोज कच्ची केळी कोण चिरतं यार.

एक दिवस ती आमचा डबा परत द्यायला खाली आली. बाबांनी डबा घेतला आणि तिच्या बोटांकडे बघतच राहिले.

"वहिनी, तुम्ही गलाई कधी सुरू केली?"

"काय चेष्टा करता गुलाबराव."

"चेष्टा नाही." बाबांनी स्वतःचा पंजा तिच्या पंजाशेजारी धरला. तसेच डाग. "हा चांदीच्या पाण्याचा डाग आहे. चांदी तेजाबात विरघळली की ते पाणी बोटाला लागतं. साबणाने जात नाही, उजेडात आणखी काळं होतं. केळं असलं काही करत नाही. जरा ओठ दाखवा."

मावशीने खालचा ओठ दुमडून दाखवला. आतून करडा पडला होता. बाबांनी भट्टी विझवली. बाबा बोलत नाहीत तेव्हा मला भीती वाटते, कारण इतर वेळी ते थांबत नाहीत.

मग त्यांनी उरलेले ग्रे मोती मागवले. दोन ग्लास घेतले आणि दोन्हींत बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतलं. आमच्या नळाचं पाणी आधीच इतकं खारट की त्यात प्रयोग केला तर पाणीच गुन्हेगार निघालं असतं. एका ग्लासात ग्रे मोती, एकात मावशीचे जुने पांढरे. कोमट करून दुपारपर्यंत ठेवलं. मग मोती काढले आणि दोन्हींत चिमूटभर मीठ टाकलं. तेजाबात चांदी शिल्लक आहे का ते गलाईवाले असंच बघतात.

पांढऱ्यांचा ग्लास होता तसाच राहिला. ग्रे मोत्यांच्या ग्लासात पांढरे धागे सुटले आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं. बाबांनी तो दारात उन्हाला ठेवला. नोव्हेंबरचं दिल्लीतलं ऊन म्हणजे सरकारी सबसिडी, जाहीर होतं, पोचत नाही. तरी तासाभरात तळाशी बसलेला साका जांभळट पडला.

"चांदी," बाबा म्हणाले. "साधा पांढरा मोती चांदीच्या क्षारात बुडवून काळा केलाय. नीट धुतला असता तर एवढं सुटलं नसतं. पण धुवायला वेळ लागतो. आणि तुम्ही वहिनी, राहिलेलं धुवायचं काम गालात केलंत."

शाळेत असलं काही दाखवलं असतं तर मी कदाचित दहावी झाले असते. कदाचित.

दातांच्या डॉक्टरने मावशीचं तोंड बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आपने मोती खाए क्यों?" मग म्हणाला, तोंडात यापुढे काहीही धरायचं नाही, रक्ताची तपासणी करा, फोड भरतील, करडेपणा जाईल की राहील ते आता सांगता येत नाही. मावशीने सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर तोंडाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "केतके, सात जणींना मी सांगितलंय, दाताला लावलेत म्हणून."

"मग काय? तुला तरी कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं हे तरी कुठे सांगितलं?"

घरी येऊन तिने जाहीर केलं की सातही दागिने परत मागवायचे. भाऊसाहेबांचा चहा थांबला.

"विजू, असं स्वतःहून कबूल करायचं नसतं. कळलं की तुझा दात चुकला, तर उद्यापासून जिन्यात कुत्रं फिरकणार नाही. आमच्या खात्यात पस्तीस वर्षांत एकानेही चूक कबूल केली नाही."

"दिसतंय ना देशाकडे बघून," मावशी म्हणाली. "आणि दात नाही चुकला. त्याला जेवढं कळतं त्याच्यापेक्षा जास्त मी सांगत आले."

आधी आम्ही राजीवजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, बदाम पुढे केले.

"आंटी, मोती पहनने की चीज है, चूसने की नहीं."

राग आला तो याचा की हे वाक्य बरोबर होतं.

"आपने नॅचरल बोला था," मी म्हणाले.

"नॅचरल ही है बेटा. मोती नॅचरल है. कलर थोड़ा इम्प्रूव्ह किया है. कहो तो दुबारा वॉश करा देता हूँ."

मी ट्रेमधला एक ग्रे मोती उचलून त्यांच्यासमोर धरला. "इतना ही सेफ है तो दो मिनट गाल में रख लो. आंटी ने महीना भर रखा."

राजीवजी हसले, मोती परत ट्रेमध्ये ठेवला आणि एक बदाम तोंडात टाकला. मावशीने माझा दंड धरला. "चल. यांना सगळं माहीत होतं. आपल्यालाच नव्हतं."

मग चार दिवस मी स्कूटीवर. मावशी प्रत्येकीला स्वतः फोन करायची, न लपवता सांगायची, आणि मी जाऊन दागिना घ्यायची. द्वारकेच्या बाई म्हणाल्या, "मला तर काहीच झालं नाही," जणू काही व्हायला हवं होतं आणि आम्ही कमी पडलो. नोएडाच्या एकीने माळ दिली पण डबी ठेवून घेतली, डबी छान होती म्हणून. एका काकूंनी दारातच विचारलं, "मावशींना दिसत नाही का हल्ली?" मी म्हणाले, "तुमच्यापेक्षा बरं दिसतं," आणि निघाले.

मुनिरकाला रसिका राहते, रिसर्च करते, भाड्याची एक खोली, नवरा बंगलोरला. दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांचं पोर होतं. दात येत होते त्याला. आईच्या गळ्यातली ग्रे माळ दोन्ही मुठींत धरून चोखत होतं. मी इथे काहीतरी खवचट लिहिणार होते, पण सुचत नाही. रसिकाने माळ काढून माझ्या हातात दिली, पोराचं तोंड धुतलं, त्याला डॉक्टरकडे नेलं आणि संध्याकाळी मावशीला फोन केला की पोर ठीक आहे. सात जणींत थँक्यू म्हणणारी ती एकटी. मावशी फोन ठेवून बराच वेळ हात धूत बसली.

राहिली मृणालची नथ. ती अजून मावशीकडेच होती, तयार. न्यायला शुभदाताई स्वतः आल्या, लग्नाला सहा दिवस असताना.

"नथ मिळणार नाही," मावशी म्हणाली. "पांढऱ्या मोत्यांची देते, चार दिवसांत. ही नाही." आणि सगळं सांगितलं, ओठ दाखवला.

"मावशी, ती नाकात घालायचीय, खायची नाहीये."

"नाकातून ओठावरच येते शुभदा. दिवसभर घाम, जेवण, उखाण्याचा घास, सगळं त्याच्याखालून."

"फोटोचं सगळं ग्रे ठरलंय हो. आणि आयत्या वेळी सांगताय? आमच्या सासूबाईंपासून सगळ्यांनी तुमच्या दातावर विश्वास ठेवला. आता म्हणता दाताला कळत नाही?"

"नाही कळत."

शुभदाताईंनी पर्स उचलली. बहुतेक त्यांना आयुष्यात कोणी असं सरळ म्हटलं नसावं. उठल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, विजूमावशींचं आता वय झालं, ऐन वेळी काम अर्धं सोडतात, सगळ्यांनी विचार करावा. खाली हात जोडलेले. मी त्याला उत्तर लिहिलं. ॲडमिनने मला चार मिनिटांत काढून टाकलं. मावशी माझ्यावरच चिडली, "तुला कोणी सांगितलं मध्ये पडायला?" कोणी सांगावं लागतं का?

मृणालने लग्नात ग्रे नथच घातली, राजीवजींच्या गल्लीतूनच कुठून तरी आणलेली. नॅचरल, अर्थात. मावशीने तिची नथ उलगडली, सोन्याची तार वेगळी केली आणि शुभदाताईंना कुरिअरने परत पाठवली. मोती बाबांनी बाटलीत बंद करून ठेवले.

जानेवारीत संक्रांतीची हळदीकुंकवं सुरू झाली. एरवी त्या महिन्यात आमच्या जिन्यात चपला मावत नाहीत. या वर्षी फक्त दूधवाला चढायचा. मावशी रोज सकाळी बसायची, जुन्या माळा सोडून परत ओवायची, गालाशिवाय ओवायची सवय म्हणून. मोती आता ब्लँकेटच्या तुकड्यावर ठेवायची, दोऱ्याचं टोक ओल्या स्पंजवर लावायची. स्पंज भाऊसाहेबांनी दिला, तिकिटं चिकटवायचा, ऑफिसातून चुकून घरी आलेला. हात पंचवीस वर्षं मागे गेल्यासारखा चालायचा. एक गाठ, एक शिवी. मावशीला एवढ्या शिव्या येतात हे मला तेव्हा कळलं. तोंडातले फोड भरले. ओठाचा करडेपणा राहिला. तिने त्याच्यावर लिपस्टिक लावून बघितली, आरशात बघून हसली आणि पुसून टाकली.

मला वाटलं संपलं. कामच गेलं तर माणूस किती दिवस जुन्याच माळा सोडणार? मी तिला म्हणालेसुद्धा, "ग्रुपवर एक मेसेज टाक ना, नवीन मशीन घेतलंय म्हणून. लोकांना मशीन आवडतं."

"घेतलंय का?"

"नाही."

"मग?"

हिला जगात कसं राहायचं ते कोणी शिकवलंच नाही.

फेब्रुवारी संपता संपता दुपारी शुभदाताई तीन मजले चढून आल्या. धाप लागलेली. मी उठून दारातच उभी राहिले. मावशी आतून म्हणाली, "केतके, बाजूला हो. पाणी आण."

शुभदाताईंनी पर्समधून एक माळ काढली. सोनेरी मोती, टपोरे, मृणालच्या सासरहून आलेले. "बघा जरा. कसे आहेत?"

मावशीने माळ खिडकीशी नेली, भिंगातून भोकं बघितली, एक मोती दुसऱ्यावर घासून बघितला. बराच वेळ. तोंडाजवळ नेली नाही.

"मोती आहेत. काच नाही."

"आणि रंग? खरा की केलेला?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज नाही सांगणार. लॅबला दाखव, पत्ता देते. तोवर मृणालला म्हणावं घालू नको."

शुभदाताई पाणी प्यायल्या. ग्लास ठेवला, परत उचलला. "बाजारात पाच जणांना विचारलं. पाचही जण म्हणाले नॅचरल. एकाने तर माळ डबीतून काढलीसुद्धा नाही." मग आवाज खाली आणून, "मृणालच्या नाकाशी करडा डाग पडलाय, मावशी. फोटोत दिसत नाही, पण आहे. स्किनवाल्याकडे नेलं. ती तुमच्याकडे यायला लाजतेय."

मी बरंच म्हणणार होते, मावशीने माझ्याकडे एकदा बघितलं. तिने कागदावर लॅबचा पत्ता लिहिला, माळ रुमालात गुंडाळून परत दिली.

"लॅबमधून आली की ओवून द्याल? दोरा जुना झालाय."

"देईन. रिपोर्ट घेऊन ये पण."

शुभदाताई उतरल्या. पहिल्या मजल्यावर पोचल्या असतील, तेवढ्यात जिन्यातून त्यांचा फोनवरचा आवाज वर आला. "नाही गं, मावशी म्हणाल्या माहीत नाही... हो, तसंच म्हणाल्या, स्वतः बघून... तुझी पण आण की. त्यांनाच विचार."